उसने वळण

गेल्या दिवाळीत आमची नात सुट्टीसाठी भोपाळला आली, तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा कागदच अधिक होते. ती अक्षररचना शिकते. छपाईत आणि संगणकावर वापरावयाची अक्षरे घडविणे हा तिचा अभ्यासविषय. वर्षभराच्या कामासाठी तिने जो विषय निवडला होता, तो ऐकून घरातील मंडळी प्रथम हसली. चीनमधील जुन्या लाकडी खुर्च्या-मेजांवरून स्फुरलेली रोमन अक्षरे! ‘खुर्ची चिनी, अक्षर इंग्रजी आणि मुलगी आपली,’ असे आमचे धाकटे बंधू म्हणाले, आणि फराळाच्या ताटाभोवती तो विषय तेवढ्यावरच संपला. परंतु रात्री ती आमच्या खोलीत आली आणि तिने विचारले, ‘आजोबा, दुसऱ्याच्या घरातली रीत उचलून आपण आपल्या कामात घातली, तर ती चोरी केव्हा होते आणि शिकणे केव्हा?’ आम्ही तिला त्या रात्री जे उत्तर दिले, ते वडीलधाऱ्यांनी मुलांना द्यावयाचे गुळगुळीत उत्तर होते. कला सर्वांची असते, वगैरे. ते देताना आमचे आम्हांलाच पटत नव्हते. पुढे काही महिने तो प्रश्न आमच्या मनात राहिला. त्याचे जे झाले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम त्या लाकूडसामानाविषयी. चीनमध्ये मिंग राजवटीच्या (१३६८ ते १६४४) उत्तरकाळात सुतारकामाची जी शैली परिपक्व झाली, तिचा बोलबाला पुढे जगभर झाला. ‘ह्वांगह्वाली’ नावाचे घट्ट कणांचे, पिवळसर-तपकिरी लाकूड त्यासाठी हायनान बेटावरून येई. या सामानाला खिळा ठोकीत नसत. सरसही असला तर नावापुरता. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारे कुसू, आणि सारा भार त्या सांध्यावर. (जाता जाता: मराठीत छापखान्यातील धातूच्या अक्षरालाही ‘खिळा’च म्हणतात. खिळ्यावाचून उभ्या राहणाऱ्या खुर्चीतून आमची नात खिळे घडवू पाहत होती, ही गंमत तिच्या लक्षात आणून दिली तेव्हा ती मनापासून हसली.) आपल्याकडील जुन्या वाड्यांचे खांब आणि तुळया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना असा सांधा परका वाटणार नाही. परंतु चिनी सुताराने त्या सांध्याचे जे केले ते अपूर्व आहे. मेजाचा वरचा भाग घ्या. चार लाकडांची चौकट. तिचे कोपरे तिरकस कापून असे जुळविलेले, की कापलेल्या लाकडाचे उघडे तोंड कोठेही दिसू नये. मधली फळी मात्र चौकटीला चिकटविलेली नसते. तिच्या कडा चौकटीच्या आतल्या खोबणीत नुसत्या बसविलेल्या असतात, आणि तेथे थोडी जागा मोकळी सोडलेली असते. हवा दमट झाली की फळी फुगते, कोरडी झाली की आकसते. चौकट मात्र जागची हलत नाही. भोपाळच्या पावसाळ्यात ज्यांच्या घराचे दरवाजे दोन दोन महिने उंबरठ्याशी भांडतात, त्यांना या मोकळ्या जागेचे मोल वेगळे सांगावयास नको.

खुर्चीच्या पाठीची मधली पट्टी माणसाच्या कण्याच्या वळणाने वाकविलेली असते. एका प्रकारच्या खुर्चीत पाठीची वरची आडवी दांडी आणि दोन्ही हातांच्या दांड्या आपापल्या आधारापलीकडे थोड्या बाहेर डोकावतात. अशी चार टोके बाहेर असलेली ती खुर्ची अधिकाऱ्यांच्या टोपीची आठवण करून देते, म्हणून तिचे नावही तसेच पडले. या सर्व सामानाचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास गुस्टाव एके या जर्मन विद्वानाने पेकिंगमध्ये राहून केला आणि १९४४ साली तो छापला. पुढे वांग शिश्यांग या चिनी संशोधकाने आयुष्यभर जमविलेले ज्ञान १९८५ सालच्या ग्रंथात मांडले. त्यापूर्वी सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना शेतावर कामाला धाडण्यात आले होते. आमच्या नातीचे जवळजवळ सर्व ज्ञान या दोन माणसांचे देणे आहे. ज्या सुतारांनी ते सामान घडविले, त्यांची नावे मात्र जवळजवळ कोठेच नाहीत.

तिने आपले पहिले कागद दाखविले. त्यांतील इंग्रजी ‘टी’च्या माथ्यावरची आडवी रेघ दोन्ही बाजूंनी वर वळलेली होती, थेट त्या खुर्चीच्या दांडीसारखी. ‘एच’ म्हणजे मेज, ‘एम’ म्हणजे दोन मेजे. पाहणाऱ्याला चीन तत्काळ आठवावा अशी ती अक्षरे होती. आम्ही कौतुक केले. ती म्हणाली, ‘हे टाकून दिलेले आहेत.’ का, तर ती अक्षरे एखाद्या चिनी खाणावळीच्या पाटीसारखी दिसत होती. दुसऱ्या कागदांवरची अक्षरे साधी होती. त्यांत खुर्ची कोठेही दिसेना. मग तिने समजावून सांगितले. उभी रेघ आडव्या रेघेला जेथे मिळते तेथे शाई साचून डाग पडतो. तेथे दोन लाकडे एकमेकांत कशी शिरतात हे पाहून तिने ती जागा आतून किंचित बारीक केली होती. ‘ओ’च्या पोटातील पांढरी जागा ही तिच्या लेखी ती मोकळी फळी होती: अक्षर लहान छापले की तिने आकसावे, मोठे छापले की पसरावे, पण बाहेरची चौकट ढळू नये. पायांची टोके तिने कोठेही सुशोभित केली नव्हती; भार जेथे उतरतो तेथे ती जरा रुंद होती, इतकेच. ‘पण आजोबा,’ ती म्हणाली, ‘आता शिक्षक विचारतात, यात चीन कोठे आहे?’

आमच्या मते खरा पेच येथे आहे. वरवरचे उसने घेणे निदान उघडे असते. कोणाकडून घेतले हे पाहणाऱ्याला कळते. खोलवर जाऊन घेतलेले उसने आपल्या कामात इतके मिसळून जाते, की देणाऱ्याचे नावच पुसले जाते. म्हणजे जो चांगले शिकला तो अधिक कृतघ्न ठरावयाचा काय? डेन्मार्कमधील हान्स वेगनर हे स्वतः सुतारकाम शिकलेले गृहस्थ. त्यांनी मिंग खुर्चीवरून १९४४ साली एक खुर्ची घडविली आणि तिला ‘चायना चेअर’ म्हटले गेले. पुढे तेच सूत्र अधिकाधिक आटवीत १९४९ मध्ये त्यांनी जी खुर्ची तयार केली, ती जगभर खपली, अजूनही खपते. तिच्या पाठीत इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा आकार आहे, आणि त्यावरूनच ती ओळखली जाते. ही दुसरी खुर्ची पहिलीपेक्षा सरस आहे असे जाणकार म्हणतात. तिच्या नावात चीन उरला नाही. आता यात वेगनरांनी अन्याय केला असे म्हणणे आमच्या जिवावर येते. तरी काहीतरी हरवले, एवढे खरे.

उलट बाजूही पाहू. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना आपल्या देशाचे दार बंद केले. पुढल्याच वर्षी क्लीव्हलंड येथील एका टाइप फाउंड्रीने कुंचल्याचे फटकारे मारल्यासारख्या रोमन अक्षरांचा एक टंक काढला आणि त्याला ‘चायनीज’ असे नाव दिले. त्या अक्षरांत चिनी लेखनाचा एकही नियम नव्हता. चिनी कुंचला कोठे टेकतो, कोठे दाबला जातो, कोठे उचलला जातो, याला शतकांची शिस्त आहे. येथे नुसती भाल्याची पाती एकमेकांना जोडली होती. माणसे नकोत, पण त्यांची नक्षी हवी, असा तो प्रकार. आणि तरीही पुढे अमेरिकेतील चिनी खाणावळवाल्यांनी तीच अक्षरे आपण होऊन आपल्या पाट्यांवर रंगविली, कारण त्यामुळे गिऱ्हाईक येत असे. ज्याची नक्कल झाली त्यानेच ती स्वीकारली, म्हणून नक्कल करणारा निर्दोष ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. पण पोटासाठी ती पाटी लावणाऱ्याला दोष देण्याचेही धैर्य आमच्यात नाही.

नागरीचीही हीच गत झाली आहे. रोमन अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ ओढून, त्यांना खाली लोंबकळत ठेवून जी ‘भारतीय’ अक्षरे तयार होतात, ती आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध टंकाचे नाव ‘समरकन’ आहे. नाव आठवण करून देते समरकंदची, रूप घेतले नागरीचे. परदेशात भाजीपोळीच्या दुकानावर ती पाटी पाहून आम्हांला राग आला होता. शिरोरेखा म्हणजे काय टोपी आहे, की कोणाच्याही डोक्यावर ठेवावी?

तो राग घेऊन आम्ही परतलो, तेव्हा आमच्याच बैठकीत एक चौकट टांगलेली होती.

ती चौकट आमच्या वडिलांनी टांगली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपुराहून जी सरकारी कुटुंबे बाडबिस्तरा घेऊन येथे आली, त्यांत आमचेही एक. वडिलांच्या सामानात एक जुनी लाकडी पेटी होती आणि तिच्यात मोडी कागदांची दप्तरे. वडिलांना मोडी येत असे. आम्हांला ती शिकविण्यास त्यांना सवड झाली नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही गरज वाटली नाही. ते गेल्यावर पेटीतील बहुतेक कागद वाळवीने खाल्ले. एक मात्र त्यांनीच पूर्वी काचेत बसवून ठेवला होता, म्हणून वाचला. साठ वर्षे तो आमच्या भिंतीवर होता. आलेल्या पाहुण्याला आम्ही सांगत असू, ‘हे आमच्या पणजोबांचे अक्षर.’ मोडीत आधी संपूर्ण पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवीत जात. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, थांबणे नाही. कारकुनाची घाई हीच त्या लिपीच्या सौंदर्याची आई. ती वळणे पाहून आम्हांला अभिमान वाटे. वाचता येत नव्हते.

पाच-सहा वर्षांपूर्वी मोडी जाणणारे एक गृहस्थ नागपुराहून आमच्याकडे जेवावयास आले होते. हात धुऊन ते चौकटीपुढे उभे राहिले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हलक्या आवाजात त्यांनी वाचून दाखविले. ते गहाणखत होते. शके १८०६, म्हणजे इसवी सन १८८४. वर्धेकडील एका कुणब्याने विहिरीसह आपले शेत २२५ रुपयांस आमच्या पणजोबांकडे गहाण टाकले होते. मुदतीत रक्कम न फिटल्यास शेत धनकोचे व्हावे, अशी अट. मुदत पाळली गेली की नाही, हे कागदात नव्हते. पण ते शेत पुढे आमच्या घराण्याकडे होते, हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या विहिरीचे पाणी गोड होते असे आमची आजी सांगत असे.

समरकनवाल्या परदेशी माणसाने निदान आपल्या आजोबांच्या लिपीची नक्षी केली नव्हती. आम्ही केली होती. अर्थ टाकून वळण तेवढे ठेवले, ते भिंतीला शोभून दिसते म्हणून. नातीच्या प्रश्नाला ‘जे आपले आहे ते घेण्यात चोरी नाही’ असे जे सोपे उत्तर सुचते, ते आमच्यापुरते त्या दिवशी मोडले. वारसाहक्काने मिळालेल्या वस्तूवरही परकेपणा करता येतो. आणि परक्या वस्तूशी, कष्ट घेतले तर, नाते जोडता येते.

हे दुसरे विधान पोकळ वाटू नये म्हणून जावजी दादाजींचे उदाहरण घेऊ. धातूचा खिळा ही विद्या आपली नव्हे. पोलादावर अक्षर कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करावयाचा, त्यात धातू ओतावयाचा, ही सारी युरोपाची कारागिरी. जावजी लहानपणी मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळ्यांचे काम चाले. ते पाहत, करीत, शिकत त्यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे सहकारी पोलादी ठसे कोरीत. बोरूचे तिरकस टोक कागदावर जे करते, ते पोलादावर उतरविताना काय राखावे आणि काय सोडावे, हे या दोघांना कळले होते. निर्णयसागरचे अक्षर पाहून कोणालाही मिशनचा छापखाना आठवत नाही; आपल्या वडीलधाऱ्यांना पोथी आठवते. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात आणि कपाटात आजही ते अक्षर आहे. ही नक्कल नाही, असे म्हणताना आपण एक क्षणही अडखळत नाही. का? जावजींनी हात काळे केले म्हणून. उसनी विद्या त्यांनी पुढे अशा कामाला लावली, की त्या विद्येलाही त्यातून काही मिळाले.

आमच्याकडे शेजारणीने वाटीतून काही दिले, तर वाटी रिकामी परत करीत नसत. निदान चिमूटभर साखर घालून देत. वेगनरांनी वाटी भरून परत केली काय? खुर्चीच्या कलेला त्यांनी भर घातली, हे खरे. पण वाटी ज्या घरची होती त्या घरी ती पोचली काय, हा प्रश्न उरतोच. आणि तो आमच्या शहरात फार जवळून विचारता येतो.

१९८२ साली श्यामला टेकडीवर भारत भवन उभे राहिले. त्याच्या रूपंकर विभागासाठी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तरुण कलावंतांना गावोगाव पाठविले होते. त्यांना पाटणगढ येथे एका तरुणाने रंगविलेल्या भिंती दिसल्या. तो जनगढसिंह श्याम. तो परधान समाजाचा. परधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचे वाद्य वाजवीत यजमानांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गाणे हे त्यांचे परंपरागत काम. गाणे ऐकणारे यजमान कमी होत गेले, आणि जनगढने गाण्यातील देव कागदावर आणले. ठिपके, बारीक रेघा, लाटा यांनी भरलेली ती शरीरे कोणी पाहिली नाहीत? म्हणजे एका कलेचे वळण दुसऱ्या कलेत नेण्याचे जे काम आमची नात करू पाहते, तेच त्याने केले होते, आणि ते आपल्याच घरातून. पुढे त्याच्या मागोमाग अनेक नातेवाईक भोपाळला आले, प्रत्येकाने रेघा भरण्याची स्वतःची अशी रीत शोधली. जाणकार ती सहीसारखी ओळखतात. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढावयास गेलेल्या जनगढचा तेथेच अंत झाला. वय चाळिशीच्या आसपास.

आज भोपाळमध्ये ते ठिपके आणि त्या रेघा भिंतींवर, पिशव्यांवर, उपाहारगृहांच्या यादीपत्रकांवर आणि इंग्रजी अक्षरांच्या पोटातही भरलेल्या दिसतात. २०२३ मध्ये गोंड चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. परंतु त्याने एखाद्या घराण्याच्या कलेचे नाव राखले जाईल. पिशवी छापणाऱ्याला त्या रेघेचा अर्थ कळेल असे नाही. तेव्हा ‘नीट शिकून घ्या, म्हणजे झाले’ हे आमचे निर्णयसागरी उत्तरही येथे अपुरे पडते. जावजी शिकले ते सत्ताधाऱ्यांच्या विद्येपासून. त्यांनी ती घेतल्याने मिशनचे काही बुडाले नाही. परधान कलावंताकडून रेघ घेणारा माणूस मात्र बहुधा त्याच्यापेक्षा सुस्थितीत असतो. घेणारा वर आणि देणारा खाली असेल, तर तेच घेणे वजनाने बदलते. पणजोबांच्या कागदाने आम्हांला हे शिकविले: २२५ रुपये दिले होते, कागद कायदेशीर होता, अक्षरही सुंदर होते.

भज्जू श्याम हा जनगढचा पुतण्या. लंडनमध्ये एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्याचे काम त्याला मिळाले, आणि परतल्यावर त्याने त्या शहराचेच चित्रपुस्तक केले. त्यात लंडनचे मोठे घड्याळ आणि गावाकडील कोंबडा एक झाले आहेत, कारण दोघेही वेळ सांगतात. २०१८ साली त्याला पद्मश्री मिळाली. हे पुस्तक आम्ही नातीला दाखविले, तेव्हा ती बराच वेळ त्या पानावर थांबली. लंडनने याविरुद्ध तक्रार केल्याचे ऐकिवात नाही, असे आम्ही म्हणालो. ‘लंडन कशाला तक्रार करील?’ ती म्हणाली.

नातीने काम पूर्ण केले. नमुन्याचे जे पत्रक तिने छापले, त्यात अक्षरांना चिनी नाव दिलेले नाही. तिला ते भपक्याचे वाटले. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एके आणि वांग यांची नावे आहेत, आणि त्यानंतर एक ओळ: ज्यांची नावे नोंदली गेली नाहीत अशा सुतारांकडून. तिच्या एका परीक्षकांना ही ओळ अनावश्यक वाटली. आम्हांला ती पुरेशी वाटत नाही. पण याहून अधिक तिने काय करावयास हवे होते, हे आम्हांलाही सांगता आलेले नाही.

चौकट उतरवावी असे आमच्या बंधूंचे मत होते. आम्ही ती तशीच ठेवली आहे. तिच्याखाली गहाणखताचा संपूर्ण मजकूर नागरीत छापून लावला आहे, निर्णयसागरच्या वळणाच्या अक्षरांत, नातीच्याच हातचा. पाहुणे आता पूर्वीप्रमाणे वळणांचे कौतुक करीत नाहीत. वाचतात, आणि मग बोलणे दुसरीकडे नेतात. कुणब्याचे नाव त्यात अर्धेच आहे. कागदाची घडी नेमकी तेथून गेलेली होती, आणि शेवटची दोन अक्षरे त्या गृहस्थांनाही लागली नाहीत. पुढच्या सुट्टीत भिंग घेऊन येते, असे नातीने कळविले आहे.